माहितीस्तव सविनय सादर



एका दिवंगत शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या व्याख्यानमालेत निवृत्त महसुली अधिकाऱ्याला बोलवायचे म्हणजे संयोजकांनी धोकाच पत्करला आहे. आमच्या जमातीला भाषणाची सवय नसते, टिपणी लिहायची असते. टिपणीच्या तळाला ‘आदेशार्थ सादर’ असे लिहिले की पुढची काळजी साहेबाची. आज ती सोय नाही, त्यामुळे जे म्हणायचे ते माझे मलाच निभवायचे आहे.

विषय लहानसा घेतला आहे. आमदार-खासदारांच्या कार्यालयातून सामान्य माणसाच्या कामासाठी सरकारी कचेरीत पत्र येते. त्या पत्राचे कचेरीत पुढे काय होते, एवढाच.

हा विषय किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. मतदान करून झाल्यावर बहुतेक माणसांचा राज्यव्यवस्थेशी जिवंत संबंध येतो तो आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती आणि विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका आमदारामागे सरासरी ३ लाख ९० हजार माणसे. खासदार ४८, तेव्हा तिथे हिशेब २३ लाखांच्या वर जातो. त्यातली सकाळी अकराला त्या खुर्च्यांवर बसलेली माणसे कोण असतात? सातबाऱ्यावर वारसाची नोंद लागत नाही म्हणून आलेला, रेशनकार्डातून सुनेचे नाव उडाले म्हणून आलेली, मुलाच्या जातपडताळणीचे प्रकरण अडकले आणि प्रवेशाची मुदत संपत आली म्हणून घाबरलेला बाप, मुख्यमंत्री सहायता निधीसाठी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक घेऊन आलेला भाऊ, रोहित्र जळून आठवडा झाला म्हणून आलेले अख्खे गाव. यातले एकही काम आमदाराच्या अधिकारातले नाही. वारसाचा फेरफार मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, जातीचा दावा पडताळणी समिती तपासते, रोहित्र वीज कंपनी बदलते. आमदाराच्या हातात एक कोरे लेटरहेड आणि एक फोन, एवढेच.

आमदाराने गटारात आणि रेशनकार्डात पडू नये, कायदे करावेत, असे शहाण्या वर्तुळांत नेहमी ऐकू येते. मला ते पटत नाही. ज्याला कचेरीच्या खिडकीतून ‘उद्या या’ एवढेच उत्तर मिळाले, त्याने जायचे कुठे? तहसीलदाराला लोक निवडून देत नाहीत. आमदाराला देतात, आणि दर पाच वर्षांनी घरीही बसवू शकतात. तेव्हा माणूस आमदाराकडे गेला यात चूक काहीच नाही. माझे भांडण पुढच्या टप्प्याशी आहे. ते पत्र आमच्या कचेरीत आल्यावर आम्ही त्याचे काय करतो, याच्याशी.

आधी ते पत्रच पाहू. ते आमदार लिहीत नाहीत, त्यांचा स्वीय सहायक लिहितो. चांगल्या कार्यालयात संगणकावर पाच-सहा नमुने तयार असतात. नाव, गाव आणि विषय बदलायचा. ‘अर्जदार हे माझ्या मतदारसंघातील रहिवासी असून त्यांची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे. तरी त्यांच्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून नियमानुसार उचित कार्यवाही करावी, ही विनंती.’ या वाक्याला तोड नाही. त्यात सर्व काही आहे आणि काहीच नाही. काम लवकर करा म्हणताय की माहिती द्या म्हणताय? नामंजूर झालेल्या प्रकरणाचा फेरविचार हवा आहे, की नियमात बसत नसलेले काम बसवून द्यायचे आहे? वाचणाऱ्याने आपापल्या अनुभवाने ठरवायचे. जुना कारकून पत्राच्या मजकुराकडे बघतच नाही. सही निळ्या शाईची आहे की शिक्का, ते बघतो. सही असेल तर साहेबांना माहीत आहे. शिक्का असेल तर पीएने काढलेले आहे. मागून फोन आला की नाही, हेही बघतो. फोन आला तर काम ‘आतले’, नाही आला तर ‘टपालातले’.

टपालातल्या पत्राचा प्रवास असा. बारनिशीत त्याच्यावर आवक शिक्का बसतो आणि क्रमांक पडतो. टपालाच्या पॅडमधून ते तहसीलदारासमोर जाते. तहसीलदार कोपऱ्यात शेरा मारतो, ‘सं.गां.यो., तपासून त्वरित सादर करावे’. मग ते संबंधित संकलनात, इथे संजय गांधी योजनेच्या, जाते आणि अव्वल कारकुनाच्या कार्यविवरण नोंदवहीत चढते. महसूल खात्यात आजही इंग्रज अमदानीतल्या अँडरसनच्या नियमपुस्तिकेचा दाखला देतात आणि सहा गठ्ठा पद्धत शिकवतात. हातातल्या कामांचा गठ्ठा वेगळा, प्रतीक्षाधीन प्रकरणांचा वेगळा, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नाश करायचे, असे सहा. पद्धत उत्तम आहे, तिला बोल लावायचा नाही. पण आमदारांच्या पत्राबाबत तिचा एक उपयोग होतो, जो तिच्या जनकाने योजला नसावा. कारकून ते पत्र तलाठ्याकडे, आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, ‘अहवाल सादर करावा’ म्हणून पाठवतो. पाठवले त्या क्षणी ते हातातल्या कामांच्या गठ्ठ्यातून प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात जाते. टेबल साफ होते. आता उशीर झाला तर तो तलाठ्याचा.

आणि मग आमदारांना उत्तर जाते. ‘उपरोक्त विषयान्वये आपल्या संदर्भीय पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर प्रकरणी तलाठी यांचेकडून अहवाल मागविण्यात आला असून अहवाल प्राप्त होताच नियमानुसार पुढील कार्यवाही करण्यात येईल. माहितीस्तव सविनय सादर.’ जावक क्रमांक पडला. महिन्याच्या आढावा बैठकीत ‘लोकप्रतिनिधी संदर्भ’ असा एक रकाना असतो: प्राप्त, निकाली, शिल्लक. हे पत्र त्या दिवशी ‘निकाली’त गेले. अर्जदाराचे काम जिथे होते तिथेच आहे, पण पत्र निकाली निघाले आहे.

माझे आजचे सगळे म्हणणे या एका जागेवर आहे. कचेरीने आमदारांच्या पत्राचा निपटारा करण्याचे एक सुबक तंत्र गेल्या कित्येक वर्षांत बसवले आहे आणि त्या तंत्रात मूळ कामाला जागा नाही. उत्तर आमदाराला जाते. ज्या माणसासाठी पत्र आले, तो त्या पत्रव्यवहारात फक्त ‘विषय’ म्हणून उरतो.

एक प्रकरण जरा जवळून सांगतो. गाव आणि नाव गाळतो. संजय गांधी निराधार योजनेत अनुदान घेणारी एक विधवा बाई. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये, म्हणजे ती किती गरीब असायला हवी याचा अंदाज करा. अनुदान महिना १,५०० रुपये. ते काही महिने आले नाही. बाई बँकेत गेली. बँक म्हणाली, वरून आले नाही. तहसिलीत गेली, खिडकीतले उत्तर, ‘यादीत नाव आहे, बँकेत विचारा’. शेवटी कोणीतरी तिला आमदारांच्या कार्यालयात नेले. पत्र निघाले. तहसिलीने संगणकावर यादी काढून पाहिली आणि प्रामाणिकपणे उत्तर दिले की लाभार्थीचे अनुदान नियमित वितरित करण्यात येत आहे. उत्तर शंभर टक्के खरे होते. आमदारांच्या कार्यालयाने ते फाइलला लावले आणि बाईला फोनवर सांगितले, ‘मावशी, पैसे जातायत.’

पैसे खरोखरच जात होते. आता अनुदान थेट हस्तांतरणाने जाते, आणि आधारवरून जाणारी रक्कम पासबुकात लिहिलेल्या खात्यावर जात नाही. ज्या बँक खात्याशी आधार सर्वांत शेवटी जोडला गेला असेल, तिकडे जाते. मधल्या काळात गावात बँकेचा एक प्रतिनिधी यंत्र घेऊन आला होता. त्याने अंगठे घेऊन खाती उघडली होती, त्यात हिचेही एक. तिला ते खाते आहे हेच माहीत नव्हते. अनुदान तिथे साठत होते. म्हणजे तहसिलीचे उत्तर खरे, बँकेचे उत्तर खरे, आमदारांच्या पीएने सांगितले तेही खरे, आणि बाईच्या हातात दमडी नाही. तिघांपैकी एकानेही ‘कोणत्या बँकेत?’ हा दोन शब्दांचा प्रश्न विचारला नाही. कारण पत्रात तो विचारलेला नव्हता. पत्रात ‘सहानुभूतीपूर्वक विचार’ होता. हे कोडे सोडवले ते आपले सरकार केंद्रात बसणाऱ्या एका मुलाने. आधारच्या संकेतस्थळावर जोडलेली बँक दिसते, ती त्याने पाहिली. त्याला पाचेक मिनिटे लागली असतील.

नियम नाहीत असे कोणी म्हणू नये. नियम भरपूर आहेत. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीच्या नियमपुस्तिकेत खासदाराच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत उत्तर असे ठरवून दिले आहे. १ डिसेंबर २०११ रोजी केंद्राच्या कार्मिक विभागाने खासदार-आमदारांशी प्रशासनाने कसे वागावे याच्या साऱ्या जुन्या सूचना एकत्र करून पुन्हा प्रसृत केल्या. महाराष्ट्रात बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे साधी फाइल कोणाच्याही टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. बदल्यांचा भाग वर्तमानपत्रांत गाजला; विलंबाचा भाग त्याच कायद्यात आहे, हे पुष्कळ कर्मचाऱ्यांच्या गावीही नसते. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने नव्याने शासन निर्णय काढला: लोकप्रतिनिधींच्या पत्रांची वेगळी नोंदवही ठेवा, दोन महिन्यांत उत्तर द्या, आणि ते भेटायला आले की उभे राहून स्वागत करा.

बातमी अर्थातच उभे राहण्याची झाली. टीव्हीवर दोन दिवस चर्चा, अधिकाऱ्याने उठावे की नाही. मला विचाराल तर दारात कोणीही आले तरी उठावे, त्यात आमदार आणि आजीबाई असा भेद कशाला. पण खरा मुद्दा नोंदवहीचा होता आणि त्यावर कोणी बोलले नाही. वेगळी नोंदवही ठेवली की तिचा वेगळा आढावा होणार, आढावा ‘उत्तर गेले का’ एवढाच घेणार, आणि उत्तरे वेळेत जाणार. मघाशी वाचलेल्या नमुन्याची उत्तरे. दोन महिने कशाला, दोन दिवसांतही जातील.

आता नाण्याची दुसरी बाजू. काही पत्रांचे काम होते, आणि होऊ नये असे होते. पत्राने कामाचा क्रम बदलला तर एकवेळ चालेल. निर्णय बदलता कामा नये. ही रेषा आपल्याकडे कायद्याने फार पूर्वी आखलेली आहे, आणि तीही मुंबईत. अंधेरीला एका गृहस्थाला चित्रपटगृह बांधायचे होते. परवानगी देण्याचा आणि काढून घेण्याचा अधिकार नियमाने मुंबईच्या पोलीस आयुक्तांचा. त्यांनी १९४७ मध्ये परवानगी दिली, आणि थोड्याच काळात, सरकारच्या आदेशावरून ती रद्द करण्यात येत आहे, असे पत्र पाठवले. गोरधनदास भानजी यांचे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५१ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने म्हटले ते थोडक्यात असे: रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांचा होता आणि तो त्यांनी स्वतःच्या बुद्धीने वापरलाच नाही, सरकारचा निरोप पोचवला. म्हणून कायद्याच्या दृष्टीने परवानगी रद्द झालीच नाही. सरकार वरिष्ठ होते, तरीही! मग आमदार तर आयुक्ताचा वरिष्ठही नसतो. कायद्याने ज्याच्याकडे निर्णय दिला, त्यानेच डोके चालवायचे, हे तत्त्व विभागीय परीक्षेला प्रत्येक अधिकारी पाठ करतो. नंतर फोन वाजतो.

फोन वाजल्यावर काय होते त्याची नोंदही आपल्याकडे आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचे प्रकरण. सावकारीच्या तक्रारी होत्या, आणि त्या तेव्हाच्या एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध होत्या. मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून हालचाल झाली की या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारी थेट नोंदवू नयेत. जिल्हा समितीपुढे ठेवाव्यात, सरकारी वकिलांचे मत घ्यावे. इतर सावकारांसाठी ही वाट नव्हती. एरवी असले निरोप हवेत विरतात. इथे पोलीस ठाण्यातल्या कोणीतरी मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून आलेल्या फोनची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत केली. ती नोंद न्यायालयापुढे आली. नागपूर खंडपीठाने शासनाला २५ हजार रुपयांचा खर्च बसवला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये तो १० लाख केला. दैनंदिनी लिहिणाऱ्या त्या हवालदाराने किंवा ठाणे अंमलदाराने हे धाडसाने केले की निव्वळ सवयीने, मला ठाऊक नाही. सवयीने केले असेल तर जास्त आनंदाची गोष्ट. पुढे २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तोंडी आदेशांवर काम करू नका, करावे लागलेच तर त्याची लेखी नोंद घ्या, असे सांगितले. किती तहसील कार्यालयांत आलेल्या फोनची नोंदवही आहे, हे तुम्हीच कधी विचारून पाहा.

म्हणून मी पत्राच्या बाजूचा आहे आणि फोनच्या विरुद्ध आहे. पत्र कितीही गुळमुळीत असले तरी त्याला आवक क्रमांक असतो. उद्या माहितीच्या अधिकारात कोणीही मागू शकतो. फोनला काहीच नसते.

हा प्रश्न आपलाच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये खासदार आपल्या मतदारसंघात ठरलेल्या दिवशी बसतात आणि लोक गाऱ्हाणी घेऊन येतात. तिथे १९६७ मध्ये कायद्याने लोकपालासारखे पद निर्माण झाले तेव्हा अट अशी घातली की खात्याविरुद्धची तक्रार नागरिकाने परस्पर करायची नाही, खासदारामार्फतच करायची. खासदारांना भीती होती की लोक त्यांच्याकडे यायचे थांबतील! महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्ताचा कायदा केला तेव्हा ही अट घेतली नाही. नागरिक थेट जाऊ शकतो. या बाबतीत आपण त्यांच्या पुढे होतो, पण लोकायुक्तांचे कार्यालय कुठे आहे हे सांगू शकणारा माणूस तालुक्याला एखादाच सापडेल.

अमेरिकेचे उदाहरण मला जास्त उपयोगी वाटते, आणि ते इथल्या काही घरांत ऐकून माहीत असेल. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मुलांचे व्हिसाचे किंवा नागरिकत्वाचे प्रकरण अडकले की तीही तिथल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात जातात. तिथे पहिली गोष्ट होते ती म्हणजे संमतीपत्र. १९७४ च्या खासगीपणाच्या कायद्यामुळे, अर्जदाराने लेखी संमती दिल्याशिवाय सरकारी खाते त्याची माहिती लोकप्रतिनिधीलाही देत नाही. २०१९ मध्ये त्यांनी कायदा करून ही संमती ऑनलाइन देण्याची सोय करायला खात्यांना भाग पाडले. आणि प्रत्येक मोठ्या खात्यात काँग्रेसच्या कार्यालयांशी बोलणारा एक स्वतंत्र कक्ष असतो. निर्णय घेणारा माणूस वेगळा आणि उत्तर देणारा वेगळा. पत्र निर्णयाच्या टेबलावर सहीनिशी जाऊन बसत नाही.

तेही धुतल्या तांदळासारखे नव्हते. १९८७ मध्ये पाच सिनेटर एका बुडत्या पतसंस्थेच्या मालकासाठी नियामक अधिकाऱ्यांना भेटले. मालकाने त्या पाचांच्या राजकारणाला भरघोस देणग्या दिलेल्या होत्या. संस्था बुडाली, रोखेधारकांचे नुकसान झाले, चौकशी झाली. त्यानंतर १९९२ मध्ये सिनेटने स्वतःसाठी नियम केला, आणि तो वाचण्यासारखा आहे. सदस्य खात्याकडे माहिती मागू शकतो, लवकर विचार करा म्हणू शकतो, भेटीची वेळ मागू शकतो, आपले मत सांगू शकतो, निर्णय चुकला वाटला तर फेरविचार मागू शकतो. देणगी दिली म्हणून मदत करायची किंवा नाकारायची नाही. मघाशी आपल्या नमुन्यातल्या पत्रात जे सारे एकात मिसळले होते, ते तिथे सुटे सुटे करून लिहिले आहे.

आपल्याकडे संमतीपत्राची कल्पनाही नाही. आमदारांच्या कार्यालयात आधारच्या झेरॉक्स, उत्पन्नाचे दाखले, बायकांचे वैद्यकीय अहवाल, नवऱ्याच्या मृत्यूचे दाखले एका पिशवीत पडलेले मी पाहिले आहेत. कार्यकर्ता त्यांचे फोटो काढून गटावर टाकतो, ‘साहेबांच्या प्रयत्नाने अमुक यांना मदत’ म्हणून. मदत झाली हे खरे. पण ज्या बाईला मदत झाली तिचा आजार साऱ्या तालुक्याला कळला. आणि कचेरीही मागचापुढचा विचार न करता माणसाची सगळी कुंडली उत्तरात लिहून देते. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याच्या कक्षेत हे पत्रव्यवहार कसे बसतात याचा विचार एखाद्या जिल्हाधिकाऱ्याने आत्ताच करायला हरकत नाही.

आणखी एक प्रश्न मला पुण्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने विचारला. त्याचे म्हणणे, पत्र असलेल्याचे काम आधी केले तर पत्र नसलेल्याचे मागे पडते. मग हा अन्याय नाही का? आहे. कारकुनाचे तास तेवढेच आहेत. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने यावर उपाय दिला आहे. अधिसूचित सेवेला ठरलेले दिवस आहेत, पदनिर्देशित अधिकारी आहे, दोन अपिले आहेत, वर आयोग आहे, ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. ज्याला हक्क आहे त्याला शिफारस कशाला लागावी? पण लागते, कारण पोचपावतीवर सेवेची मुदत असते आणि ती उलटली की अपील करता येते, हे खिडकीतला माणूस सांगत नाही आणि आमदारांचा पीएही सांगत नाही. पीएने सांगितले तर त्याच्याकडे येणार कोण, असा दुष्ट विचार मी करत नाही. त्याला बहुधा माहीतच नसते. पीएसाठी शासनाने एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवले तर वर्षाची अर्धी पत्रे वाचतील, असा माझा अंदाज आहे. राज्यकारभार समजणाऱ्या माणसांत मी मंत्रालयातल्या सचिवांइतकाच चांगल्या पीएला मानतो.

तेव्हा करायचे काय? मोठ्या सुधारणा सुचवायचे माझे वय नाही आणि मला त्यांचा भरवसाही नाही. मला एक बारीक बदल हवा आहे. आमदारांना पाठवायच्या उत्तराच्या तळाला एक ओळ: ‘प्रत : अर्जदार, माहितीसाठी’. आणि ती प्रत खरोखर पाठवायची, मराठीत. निदान भ्रमणध्वनीवर संदेश तरी. माझ्या शेवटच्या नेमणुकीत मी हे करून पाहिले. पहिल्याच आठवड्यात अव्वल कारकून समोर उभा राहिला. म्हणाला, ‘साहेब, आमदारांना अहवाल मागवला म्हणून कळवता येतं. पण अर्जदाराला तेच कळवलं तर तो दुसऱ्या दिवशी येऊन विचारतो, अहवाल आला का?’ मी म्हटले, म्हणूनच. माणूस शहाणा होता, हसला आणि गेला. महिनाभरात उत्तरांची भाषा बदलली. ‘उचित कार्यवाही’ लिहायची सोय राहिली नाही, कारण समोरचा माणूस ‘म्हणजे काय’ विचारायला येऊ लागला. ‘तुमच्या अर्जाला उत्पन्नाचा चालू वर्षाचा दाखला नाही, तो जोडा’, अशी वाक्ये यायला लागली. माझ्यानंतर ती पद्धत टिकली नाही, हेही सांगतो. शासन निर्णयात ती ओळ असती तर टिकली असती.

दुसरी गोष्ट ‘निकाली’च्या रकान्याची. तिथे दोन रकाने करा: उत्तर दिले, आणि काम झाले किंवा लेखी नाकारले. नाकारणे हेही काम आहे. नियमात बसत नसेल तर तसे कारणासह लिहून द्यावे. माणूस अपिलात जाईल किंवा नाद सोडेल, पण हेलपाटे घालणार नाही. आपल्या कचेऱ्यांना ‘नाही’ लिहायची जेवढी भीती वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही, आणि आमदारांना ‘नाही’ लिहायची तर विचारूच नका. त्यामुळे साधी नामंजुरीही वर्षभर ‘अहवाल अपेक्षित’ म्हणून प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात पडून राहते. माझा अनुभव उलटा आहे. कारणासह नाही लिहिले तर आमदार क्वचितच चिडतात. त्यांनाही समोर बसलेल्या माणसाला दाखवायला कागद हवा असतो.

आणि तिसरी. ही पत्रे एकेक करून निकाली काढतात, एकत्र कोणी वाचत नाही. त्या निराधार बाईचे पत्र आले त्या महिन्यात आमच्याकडे तशीच आणखी पत्रे होती. वेगवेगळ्या आमदारांची, एक खासदारांचे, एक जिल्हा परिषद सदस्याचे. प्रत्येकाला वेगळे उत्तर गेले आणि प्रत्येक उत्तर बरोबर होते. सगळी एका टेबलावर ठेवली असती तर दिसले असते की एकाच बँकेच्या प्रतिनिधीने एकाच पट्ट्यातल्या गावांत खाती उघडली आहेत. जी बाई कोणाही आमदाराकडे गेली नाही, तिचे पैसेही तिथेच साठत असणार. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जिल्हा सल्लागार समिती दर तिमाहीला बसते, अग्रणी बँकेचे व्यवस्थापक विषयपत्रिका काढतात. पीक कर्जाचे उद्दिष्ट, स्वयंसहाय्यता गट, मुद्रा असे सारे विषय असतात. लोकप्रतिनिधींच्या पत्रांतून दिसलेल्या बँकांच्या तक्रारी, असा विषय त्या पत्रिकेवर घ्यायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. मी नोकरीत असेपर्यंत तो एकदाही आलेला पाहिला नाही.